रुपायाएवढी जागा

स्वतःच्या डोक्याचा इतका सखोल अभ्यास केलेला माणूस अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघावा हे माझं नशीब. लोहाऱ्याच्या शाळेत भूगोल शिकवण्यात मामांची हयात गेली, त्यामुळं दुखण्याचा पत्ताही ते तसाच सांगत: टाळूपासून आग्नेयेला चार बोटं, रुपायाएवढी गोल जागा. दुखायचं ते तिथंच. लग्नानंतर मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो, तर चहाच्या आधी त्यांनी डोकं पुढं केलं. "जावईबापू, बोट ठिवा. हळू. आता जरा सरकवा. बगा, शीव ओलांडली, आता काय न्हाय." मी गंभीर चेहरा करून "व्हय, कळलं" म्हणालो. काय कळलं ते देव जाणे. पुढं प्रत्येक भेटीत हा कार्यक्रम होई, आणि माझं एक डोळा टीव्हीवर ठेवून बोट टेकवणंही ठरून गेलं.

टोपीचं कापड त्या जागेला सोसायचं नाही, म्हणून मामींनी नाणं ठेवून टोपीला गोल भोक पाडून दिलं होतं. न्हावीही तेवढी जागा वगळूनच कात्री चालवी, त्यामुळं भोकातून केसांचा एक तुरा वर यायचा आणि पोरं फिदीफिदी हसायची. मामा त्यांनाही थांबवून जागा समजावून सांगत. डॉक्टर मात्र समजून घ्यायला तयार नव्हते. एकानं पित्त सांगितलं, एकानं चष्मा बदलायला लावला, आणि नातेवाइकांचं तर एकच पालुपद, डोकं काय सगळ्यांचंच दुखतं. आम्ही सगळे पाठीमागं हसत होतो. मीही हसलोय, खोटं कशाला बोलू.

हे हसण्यावारी गेलंही असतं, पण मामांच्या लेकीच्या लग्नात घात झाला. उमरग्याचे व्याही म्हणजे मानपानाचा माणूस. झोपताना सोडला तर फेटा उतरायचा नाही, त्यांचं बोडकं डोकं सख्ख्या भावानंही पाहिलं नसेल. भर मांडवात ते मामांना फेटा बांधायला उठले आणि मामा दोन पावलं मागं सरकले. "डोक्याला तेवढं नका," म्हणाले. व्याह्यांचा चेहरा उतरला. "आमचा फेटा टोचतो व्हय तुम्हाला?" त्यानंतर चार वर्षं त्यांनी लोहाऱ्याचा उंबरा ओलांडला नाही. लेक दिवाळीला एकटी यायची आणि दुसऱ्या दिवशी परत जायची. ती गेली की मामा कितीतरी वेळ भोकाची टोपी हातात घेऊन बसत.

आणि मग यंदा सोलापूरच्या एका डॉक्टरीणबाईंनी मामांचं सगळं ऐकून घेतलं, कागदावर एक डोकं काढलं, त्यावर मामा सांगतील तिथं वर्तुळ काढलं, खाली दुखण्याचं नाव लिहिलं आणि म्हणाल्या, नाण्याएवढ्या जागेतच दुखणारी अशी डोकेदुखी असते, क्वचित दिसते, पण असते. मामा एसटीतून उतरले ते पेढे घेऊनच. शेजारीण म्हणाली, नातू झाला वाटतं. मामी म्हणाल्या, "न्हाय ओ, ह्यांचं दुखणं खरं निघालं." मामा तर अंगणभर नाचायचेच राहिले होते. "जावईबापू, वर्तुळ बगा. आग्नेयेलाच काढलंय का न्हाय?"

दुसऱ्याच दिवशी मला बरोबर घेऊन त्यांनी उमरगा गाठला. दारातच व्याह्यांच्या हातात कागद ठेवला आणि म्हणाले, "फेट्याचा अपमान न्हवता केला. हितं दुखतं." व्याह्यांनी कागद वाचला, पुन्हा वाचला. मग मामांची टोपी स्वतःच्या हातानं काढली, विचारलं, "कुठं?" आणि फुंकर घालावी इतक्या हळू बोट टेकवलं. मामांनी डोळे मिटले. जेवणाची पानं वाढली होती. व्याही पाटावर बसले, डोक्यावरचा फेटा उतरवला आणि बाजूला ठेवला. दोन बोडकी डोकी शेजारी शेजारी जेवली. वाढताना लेकीच्या डोळ्यांना धार लागली होती, आणि मामा आपले तिला भाकरी आणखी वाढ म्हणत होते.

गोळ्यांनी दुखणं जरा कमी आहे, गेलेलं नाही. व्याही आता महिन्यातून एकदा येतात. मामा हल्ली मला बोट ठेवायला सांगत नाहीत. परवा मीच म्हटलं, "मामा, बघू का?" तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या जावईबापू, व्याह्यांनी बघितलंय." इतकी वर्षं ते डोकं पुढं करत होते, तेव्हा एकदा तरी मी नीट बघायला हवं होतं.