आजोबांचं बॉम्बर आणि बोडीतला मी

माझ्या मुलीने वैमानिक व्हायचं की नाही, याचा निकाल आमच्या मुर्री गावच्या शेतात, ट्रॅक्टरवर लागला.

पल्लवीला जवळच्या बिरसीच्या धावपट्टीवर विमान उडवायला शिकायचं होतं. बायको ठाम नाही म्हणत होती. "स्कूटीनं गेली तं दारात उभं राहा लागते. हवेत गेली तं म्या कुठं उभं राहू?" तिचं म्हणणं मला सोळा आणे पटलं होतं. (मी गच्चीवरही भिंत धरून चालतो.)

पण माझे वडील, बाबूजी, पडले जुने हवाईदलवाले. महायुद्धात बॉम्ब टाकून थकलेली विमानं लढाईनंतर नव्या पोरांना शिकवायला ठेवली होती. त्यांत बाबूजी वायरलेसवर बसायचे. शिकणाऱ्याच्या समोरची काच पडद्याने झाकायची आणि त्याने समोरच्या तबकड्यांवरचे काटे बघत, मागच्या गुरुजींचा आवाज ऐकत उडवायचं, अशी तिथली रीत. "पोरगीची तशीच परीक्षा घेऊ. पास झाली तं जाईल," बाबूजी म्हणाले. बायकोनेही मान डोलावली. पल्लवीला ट्रॅक्टर चालवता येतो, हे दोघांनाही ठाऊक होतं.

धान कापून बांध्या, शेताचे तुकडे, मोकळ्या झाल्या होत्या. पल्लवीच्या डोळ्यांवर ओढणी बांधली. बाबूजी शेजारच्या मडगार्डवर, म्हणजे कप्तान. ट्रॉलीत वजन हवं म्हणून मी, म्हणजे बॉम्ब! बायको धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, पदर तोंडाशी धरून उभी.

ट्रॅक्टर निघाला. "डावीकडे थोडी. सरळ. शाबास." सगळं झकास चाललं होतं, तोच समोर आमची बोडी, शेतातलं तळं, दिसली. पाणी कमी, चिखल भरपूर. बाबूजी शांत. मी मात्र ओरडलो, "उजवीकडे घे! थांब! डावीकडे घे!" (तिन्ही एकदमच.)

"बाबा, तुमी गप राहा. कप्तान आजोबा हायेत," पल्लवी म्हणाली, आणि वेग तोच ठेवला.

मी देवाचं नाव घेऊन उडी मारली. नेमकी बोडीत!

त्याच क्षणी बाबूजींनी "आता डावीकडे" म्हटलं. पोरीने काठावरून ट्रॅक्टर अलगद वळवला आणि धुऱ्यापाशी, आईपासून हातभर अंतरावर उभा केला. ओढणी सोडून ती हसत होती. माझा ऊर भरून आला, आणि नाकही.

"हुकमाशिवाय उडी मारली यानं," बाबूजी कष्टी होऊन म्हणाले.

बायकोने आधी लेकीकडे पाहिलं, मग कमरेइतक्या चिखलात उभ्या माझ्याकडे.

"जाऊ द्या पोरगीले," ती म्हणाली. "फक्त तिच्या विमानात तुमी बसू नका."

मी लगेच होकार दिला. म्हणजे, तोंडातला चिखल थुंकून झाल्यावर.