ताजबीची फेरी

ताजबी मणियारीण विसरायला लागली आहे, हे घरात बरेच दिवस कोणाच्या ध्यानात आलं नाही. दूध चुलीवर ठेवून ती शेजारी जाऊन बसे. ‘साठी उलटली, चालायचंच,’ म्हणून मुलगा हनीफ विषय सोडून देई. सून अनवरीलाही तसंच वाटे. कारण बांगड्यांचा हारा डोक्यावर घेऊन ताजबी एरंडोलच्या गल्ल्यांतून रोज फिरत होती, आणि कोणाच्या हाताला कोणतं माप हे तिला विचारावं लागत नव्हतं.

१९३१च्या श्रावणात भिकुबाईने नातीला बांगड्या भरायला ताजबीला ओट्यावर बसवलं. ताजबीने नातीचा हात सोडला, भिकुबाईचा धरला आणि हिरवी बांगडी चढवू लागली. भिकुबाईचा नवरा जाऊन वर्ष झालं होतं. तो गेला त्या दिवशी ताजबी स्वतः तिथे रडायला बसली होती.

“ताजबी, काय करी ऱ्हायनी तू?” भिकुबाई हळूच म्हणाली.

ताजबीला एका कानाने ऐकू येत नसे. ती हसून म्हणाली, “दखाडजो तुन्हा धनीले.”

‘नवऱ्याला दाखव’ हे ऐकताच भिकुबाईच्या मुलाने, सुकदेवने, हारा उचलून रस्त्यावर उपडा केला. संध्याकाळपर्यंत गावभर झालं. हनीफने सांगितलं, “अम्मा आता घरातच राहील. फेरीला अनवरी जाईल.” त्याचं चुकलं असं कोणी म्हटलं नसतं. मणियारणीला दारं बंद झाली तर घर कशावर चालणार?

भादव्यात ताजबीला थंडीताप आला आणि उतरला. ती मात्र खालावतच चालली. मागच्या खोलीत एकटी बसे, अर्धी भाकरी तशीच ठेवी. दिवाळीला तिने अनवरीला नावाने हाक मारणं सोडलं. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे, औषध नाही.

“तापाने घात केला,” हनीफ म्हणाला.

“ताप जाऊन किती दिवस झाले,” अनवरी म्हणाली. “बायका घरी बांगड्या घ्यायला येतात त्या दिवशी अम्मा नीट बोलतात. दिवसभर भिंतीकडे बघत बसल्या की संध्याकाळी मलाच विचारतात, कोण पाहिजे. त्यांना फेरीला नेते.”

“म्हणजे पुन्हा एखाद्या विधवेला चुडा?”

“हात मी धरून देईन. अम्मा फक्त भरतील.”

“आणि सुकदेवने काठी काढली तर?”

“पहिली मला बसेल. तुम्ही आपलं घर सांभाळा.”

ती सासूला घेऊन आधी भिकुबाईकडेच गेली. ते दार उघडलं तर बाकीची उघडणार होती.

सुकदेव दारातच होता. “परत आणलं का हिला?”

“येऊ दे तिले,” आतून भिकुबाई म्हणाली. “तिनी का जाणीसन करं?”

सुकदेव पुटपुटत वावराकडे गेला. अनवरीने नातीचा हात ताजबीच्या हातात दिला. ताजबीने बोटांची पेरं दाबून पाहिली, माप काढलं आणि बांगड्या भरल्या. एकही पिचली नाही.

गेलेलं काही परत आलं नाही. अनवरीचं नावही नाही. पण घरात बसून काढलेल्या त्या चार महिन्यांत जेवढं गेलं, तेवढं पुढच्या तीन वर्षांत गेलं नाही. ताजबी पोटभर जेवू लागली, बायकांच्या थट्टेला उत्तर देऊ लागली, कासाराच्या बांगड्यांना नावं ठेवू लागली.

तिसऱ्या वर्षी चालता चालता तिने अनवरीला विचारलं, “तू कोणाच्या घरची गं, बाई?”

“तुमच्याच,” अनवरी म्हणाली, आणि पुढच्या दाराची कडी वाजवली.