गाढे सरांचा चहा

जुने विद्यार्थी लग्नकार्यात भेटले की नवरा-नवरी राहतात बाजूला आणि गाढे सरांचे किस्से सुरू होतात. दर लग्नात त्यात थोडी भर पडते. मी सरांचा विद्यार्थी, पुढे त्यांच्याच कॉलेजात इतिहास शिकवायला लागलो, त्यामुळे माझ्याकडे जरा जास्त साठलेत.

अंबडकडच्या आमच्या कॉलेजात सर तत्त्वज्ञान शिकवायचे. ग्रीकांचा पेपर म्हणजे त्यांचा जीव की प्राण. अथेन्समध्ये लोकांना प्रश्न विचारत फिरला आणि शेवटी विषाचा प्याला प्यायला, त्या ग्रीक गुरूला सर ‘आपला म्हातारा’ म्हणत. जणू तो मागच्याच गल्लीत राहायचा.

*

नव्वद-एक्क्याण्णवची गोष्ट. पहिल्याच तासाला सरांनी विचारलं, “न्याय म्हणजे काय?”

शहागडचा बाळू उठला. त्याचे वडील अंकुशनगरच्या कारखान्यासाठी ऊस तोडायचे. “सगळ्यांला सारखं देणं, सर.”

“मंग तुझ्या लहान बहिणीला आन् ऊस तोडून आलेल्या बापाला सारख्याच भाकरी वाढायच्या?”

“न्हाई. ज्याला जेवढी भूक, तेवढ्या.”

“आन् भाकरी कमी पडल्या तर?”

बाळूने बोटांवर घरातली माणसं मोजली, पुन्हा मोजली. कमी पडलेल्या भाकरी त्याने घरी पाहिल्या होत्या. “माहीत न्हाई, सर,” तो हळूच म्हणाला.

सरांनी शिपायाला हाक मारली. “बाळूसाठी चहा सांगा.”

विचार करून ‘माहीत नाही’ म्हणणाऱ्याला सरांकडून चहा, हा त्यांचा कायदा. म्हातारा म्हणे तिथूनच सुरुवात करायचा.

*

दुसऱ्या दिवशी अख्ख्या वर्गाला काहीच माहीत नव्हतं! “चांगुलपणा शिकवता येतो का?” सरांनी विचारलं. पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत एकच उत्तर.

“बराबर. विचार करून पाह्यला का?”

कुणीच पाहिला नव्हता.

“मंग हा आळस हाये. आळसाला पाणी.” सरांनी कोपऱ्यातल्या माठाकडे बोट केलं.

*

सुनंदा मात्र सरांना पुरून उरायची. जालन्याहून यायची, वडील एमआयडीसीत स्टीलच्या मिलमध्ये. म्हाताऱ्याने बहुमताचा निकाल कसा मानला, पळून जाता येत असूनही कसा गेला नाही, हे सर रंगून सांगत होते. सुनंदा उठली.

“सर, त्या बहुमतात बाया होत्या का? गुलाम होते का?”

“न्हवते.”

“मंग तो निकाल कुणाचा?”

सरांनी खडू ठेवला आणि तिच्या जागेवर जाऊन बसले. “सुनंदाताई, आता तुम्ही शिकवा. मी ऐकून राह्यलो.”

आज ती जालन्याच्या कोर्टात वकील आहे. आपली पहिली केस तीच, असं सांगते.

*

एकदा गॅदरिंगच्या वादविवाद स्पर्धेत सर परीक्षक होते. सख्ख्या पुतण्याने नाव दिल्याचं कळताच ते खुर्चीतून उठले. प्राचार्य म्हणाले, “अहो, तुमच्याइतकं निष्पक्ष कोण आहे इथं?”

“असंल. पण आपल्या घरचा निवाडा आपण करायचा न्हाई.”

पुतण्याला बक्षीस मिळालं नाही. वहिनी कितीतरी दिवस सरांशी बोलल्या नाहीत.

*

दोन हजारच्या सुमाराला तत्त्वज्ञान बंद करून कॉम्प्युटरचा विषय आणायची टूम निघाली. विषय गेला की सरांची बदली संस्थेच्या दूरच्या एका शाळेत होणार, हेही ठरलेलं होतं. प्राचार्यांनी निर्णय स्टाफच्या बैठकीवर सोपवला; प्रत्येकाने हात वर करून मत द्यायचं.

मतदान सुरू व्हायच्या आत सर उठले. मी त्यांची बाही धरली. “सर, बसा. एकेक हात मोलाचा आहे.”

“हा माझ्या घरचा निवाडा हाये,” असं म्हणून ते बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसले.

हात समसमान झाले. प्राचार्यांनी जड मनाने आपलं निर्णायक मत कॉम्प्युटरच्या बाजूने टाकलं.

मी बाहेर आलो तो संतापानेच. “सर, तुमचा एक हात असता तर विषय वाचला असता. पुढच्या पोरांना म्हातारा कोण सांगणार? हे बरोबर केलंत का तुम्ही?”

सर समोरच्या रिकाम्या वर्गाकडे बघत राहिले. त्यांचे डोळे भरले होते. मग ते म्हणाले, “माहीत न्हाई.”

मी शिपायाला हाक मारली आणि सरांसाठी चहा सांगितला.