मेस्त्रीकाकांचं मनगट आणि माझा टॉर्क

मी मोठ्या हौसेने आणलेल्या मशीनवर मेस्त्रीकाकांनी आपला पंचा टाकला होता. झाकायला नव्हे, वाळत घालायला.

मशीन म्हणजे कॉर्डलेस ड्रिल. वायर नाही, बॅटरीवर चालणारं. शेजारी त्याचा जोडीदार, इम्पॅक्ट ड्रायव्हर. दोघंही नवेकोरे, दोघांनाही अजून लाकडाचा भुसासुद्धा धड लागलेला नव्हता. आणि काका स्टुलावर उभे राहून डिसमिसने, म्हणजे हाताने फिरवायच्या साध्या स्क्रू-ड्रायव्हरने, डोक्यावरच्या कपाटाचे स्क्रू पिळत होते. मध्येच हात खाली घ्यायचे, मनगट झटकायचे, कोणी बघत नाही ना ते बघायचे आणि पुन्हा पिळायला लागायचे.

मी बघत होते. पण मला दिसत होता तो फक्त पंचा.

मी इंटिरियरची कामं करते. गोरेगाव पूर्वेला, दिंडोशीच्या बाजूला आमचा गाळा आहे. तिथे प्लाय कापायचा, कपाटं बनवायची आणि साइटवर नेऊन बसवायची. पाटीवर माझं नाव असलं तरी गाळा चालतो मेस्त्रीकाकांवर. ते वडिलांचे गाववाले, कुडाळकडचे. माझ्या पहिल्या कामापासून माझ्याबरोबर आहेत. बाहेरच्यांसमोर मला ‘मॅडम’ म्हणतात आणि मी चूक केली की ‘बाय’. त्यामुळे बहुतेक वेळा ‘बाय’च.

तेव्हाचं काम होतं मुलुंडला, डॉक्टर प्रज्ञा गायकवाडांच्या दातांच्या दवाखान्याचं. उद्घाटन दसऱ्याला. क्लायंट तारखा पुढेमागे करतात, पण ही तारीख हलणारी नव्हती. अशोक विजयादशमीच्या दिवशी, सकाळी वंदना करून, आईच्या हातून फीत कापून घ्यायची हे डॉक्टरांनी दवाखान्याची जागा बघायच्या आधीच ठरवलं होतं.

आणि काम मागे पडत होतं, कारण काकांचं मनगट दुखत होतं. गणपतीत गावाला जाऊन आल्यावर त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, “बाय, हात आता माझ्या हातात रवाक नाय. दिवाळेक गावाक जातंय. मगे परत येवचंय नाय.”

मी हसण्यावारी नेलं. मग घरी जाऊन मशीन शोधायला बसले.

हात दुखतो ना, मग मशीन आणू. इथपर्यंत माझी बुद्धी बरोबर चालली. पुढे मी व्हिडिओ बघायला लागले. परदेशातले धिप्पाड पुरुष आपापल्या गॅरेजमध्ये उभे राहून जाडजूड ओंडक्यांत वीतभर लांबीचे स्क्रू घुसवत होते. त्यातल्या एकेकाच्या मनगटात आमचे काका कमरेपर्यंत मावले असते. ते टॉर्कबद्दल बोलत. टॉर्क म्हणजे पिळायची ताकद. ज्याचा टॉर्क जास्त ते मशीन भारी, एवढं मला पटकन समजलं आणि तेवढ्यावरच मी थांबले. नवरा म्हणाला, काकांना विचार तरी. मी म्हटलं, त्यांना काय कळणार यातलं, सरप्राइज देऊ.

याच नवऱ्याच्या चपला मी त्याला न नेता आणते. त्या चावल्या तरी तो बिचारा घालतो. काका माझा नवरा नव्हते, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

घाटकोपरच्या दुकानातून मी सगळ्यात दांडगी जोडी उचलली. दुकानदार जिग्नेशभाईंनी एकदा विचारलंही, वापरणार कोण. मी त्यांनाच टॉर्क समजावून सांगितला.

ती जोडी काकांनी एकदा हातात घेतली, वरच्या कपाटाला एक स्क्रू मारला, “बरा आसा” म्हणाले आणि खाली ठेवली. दुसऱ्या दिवशी तिच्यावर पंचा होता. मला वाटलं, जुना माणूस, मशीनशी जमत नाही. मी दुखावले. दोन दिवस त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. त्यांना ते कळलंही नसावं, कारण तेही कामापुरतंच बोलतात.

डॉक्टर प्रज्ञा काम बघायला आल्या तेव्हा पंचा अजून तिथेच होता. त्यांनी तो उचलला, खालचं मशीन हातात घेतलं आणि लगेच दुसरा हात खाली लावला.

“हे कोणी आणलं?”

“मी.”

“आणि वापरणार काका? डोक्याच्या वर धरून?”

मी टॉर्क सांगायला सुरुवात केली. त्यांनी मला मध्येच थांबवलं.

“ताई, मी पण ड्रिलवालीच आहे. दिवसभर लोकांच्या तोंडात घालून बसते. आमचा हँडपीस घेताना मी आधी तो हातात धरून बघते, आकडे नंतर. संध्याकाळी हात दुखला तर तो तुमचा टॉर्क येणारे का चोळून द्यायला?”

काका स्टुलावर होते. त्यांनी वळून बघितलं नाही, पण डिसमिस मात्र थांबला होता.

त्या संध्याकाळी मी काकांना म्हटलं की मला यातलं काही समजत नाही, तुम्ही चला दुकानात. हे वाक्य मी खोटं म्हणून तयार केलं होतं. बोलताना लक्षात आलं की खरंच आहे.

आता ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. मला माहीत आहे म्हणून नाही, त्या दिवशी कळलं म्हणून.

ड्रिल मुळात भोकं पाडायला. पुढे चक असतो, तो बिट, म्हणजे फिरणारं टोक, धरतो. चकच्या मागे आकड्यांची एक रिंग असते, ती क्लच. स्क्रू पुरता बसला की क्लच कर्रर्र करून सोडून देतो, त्यामुळे बिजागरीचे छोटे स्क्रू नाजूक हाताने बसतात. पण लांब स्क्रू मारताना तो मध्येच अडला, तर स्क्रू थांबतो आणि मशीन फिरायला बघतं. ते धरून कोण असतं? मनगट.

इम्पॅक्ट ड्रायव्हर दिसायला बुटका, नकट्या नाकाचा. त्याच्या आत एक छोटी हातोडी असते. स्क्रू अडला की ती गोल फिरत टकटकटक करून ठोके देते. ताकद स्क्रूला जाते, मनगटाला झटका फारसा बसत नाही. आवाज मात्र असा की शेजारची बाई दार उघडून बघते. आणि त्याला क्लच नसल्यामुळे बारीक स्क्रूवर चालवला तर डोकं तोडूनच थांबतो. म्हणून दोन्ही लागतात. एक समजूतदार, एक तापट. बहुतेक घरांत असतात तसे.

म्हणजे माझी निवड निम्मी बरोबर होती. चुकलं होतं वजन. आणि वजन हा आकडा मी वाचलाच नव्हता, कारण व्हिडिओतल्या पुरुषांना त्याची गरज नव्हती.

दुकानात काकांनी टॉर्क विचारला नाही. एक लाकडाचा तुकडा मागितला आणि थोडे लांब स्क्रू. जिग्नेशभाईंनी एकेक मशीन काढून दिलं. काका ते घ्यायचे, हात डोक्याच्या वर न्यायचे आणि नुसते उभे राहायचे. दुकानात बाकीची गिऱ्हाइकं बघायला लागली. असं ते बराच वेळ सगळ्यांना सलाम ठोकत उभे होते. शेवटी एक छोटी जोडी हातात घेतली, बारा व्होल्टची, माझ्या अठरा व्होल्टच्या पैलवानांच्या निम्म्या अंगाची. हात वर गेला आणि वरच राहिला. मग त्यांनी तुकड्यात स्क्रू मारला. टकटकटक. मनगट झटकलं नाही.

“ह्या चलात,” म्हणाले.

जिग्नेशभाई मला हळूच म्हणाले, “ताई, बॅटरी मात्र तुमच्या आधीच्याला लागणार नाही हां. चार्जर पण वेगळा.” बॅटरीचं सासरसारखं आहे. एकदा एका घरात गेलात की सगळी नाती त्याच घराशी. मी एका आठवड्यात दोन सासरं केली.

इथपर्यंत सगळं झकास. गाळ्यावर येऊन काकांनी खोका कोपऱ्यात ठेवला आणि उघडेनात. मी विचारलं तर म्हणाले, नवमी आली. नवीन हत्यार पूजेआधी वापरायचं नाही.

खंडेनवमीला आमच्याकडे सगळी हत्यारं पूजेला बसतात. करवत, रंधा, पटाशी, गुण्या, झाडून सगळी. एकदा हळदकुंकू लागलं की दसऱ्याची पूजा होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. काका याबाबतीत कोणाचं ऐकत नाहीत. दरवर्षी आम्ही अष्टमीपर्यंत काम उरकतो. यंदा अष्टमीची संध्याकाळ झाली तरी डॉक्टरांच्या भिंतीवरची निम्मी कपाटं अजून जमिनीवर होती आणि शटर, म्हणजे कपाटांची दारं, भिंतीला टेकून उभी होती. कापाकापी झालेली, भिंतीत भोकं पाडून झालेली, फक्त स्क्रू मारायचे बाकी. तेवढंच, आणि नेमकं तेच करता येणार नव्हतं.

नवमीला सकाळी मी गाळ्यात गेले ती वाट लागल्याच्या तयारीने. डॉक्टरांना फोन करून काय सांगायचं ते मनात जुळवत होते. गाळा धुतलेला, झेंडूचं तोरण लागलेलं. काकांनी पाटावर लाल कापड घालून हत्यारं मांडली होती. माझे दोन पैलवानही त्यात होते, त्यांच्यावर पंचा नव्हता, फूल होतं. काकांचा डिसमिस सगळ्यांच्या मधोमध. मी तो नवा खोका उचलून पाटाकडे नेला.

“ता थय नको,” काका म्हणाले.

“का? नवीन आहे ना, पूजा नको?”

“ह्येणा अजून काम खय केल्यान? पयल्यांदा काम करूक दी. मगे पूजा.”

परवाच हा माणूस पूजेआधी वापरायचं नाही म्हणाला होता. ते आठवण करून द्यायचा मोह मला झाला. आयुष्यात फार कमी वेळा मी असा मोह आवरला आहे.

“आणि टेप? लेव्हल? पाटावर दिसत नाहीत?” मी विचारलं.

“ती दवाखान्यात रवली,” काका म्हणाले. “हय नाय तेची पूजा कशी होतली?”

ती तिथे राहिली होती की ठेवली होती, हे मी अजूनही विचारलेलं नाही. पूजा झाली, प्रसाद झाला आणि आम्ही मुलुंडला गेलो. गाळ्यातल्या बाकीच्या सुतारांनी कपाटं उचलून धरली. काका स्टुलावर. इम्पॅक्टने कपाटं भिंतीला बसली, मग ड्रिलने शटरच्या बिजागऱ्या. मध्येच त्यांनी मशीन डाव्या हातात घेतलं, उजवा हात निवांत खिशात घातला आणि डाव्यानेच स्क्रू मारला. बाकीच्यांकडे एकदा बघूनही घेतलं. दिवस मावळायच्या आत दवाखाना दवाखान्यासारखा दिसायला लागला.

दसऱ्याला डॉक्टरांच्या आईंनी फीत कापली. पांढरी साडी, आणि पेशंटच्या खुर्चीत सगळ्यात आधी त्याच बसल्या. डॉक्टरांनी काकांना पुढे बोलावून खीर दिली आणि मनगट कसंय विचारलं. काका म्हणाले, बरं आहे. मग त्यांनी मला बाजूला घेतलं. मागच्या वेळी असंच बाजूला घेऊन त्यांनी गावाला जायचं सांगितलं होतं.

“बाय, त्या दोघांका पुढच्या नवमीक बसवया,” म्हणाले. “ह्या वर्षी तेंची पूजा रवली.”

“पुढच्या नवमीला तुम्ही असणार?”

“मगे कोण करतलो? तू?”

दिवाळीला ते गावाला गेले. तुळशीच्या लग्नानंतर परत आले आणि आल्या आल्या, मी नसताना गाळ्यात प्लाय कोणी उन्हात ठेवला म्हणून ओरडले. प्लाय मी ठेवला होता.

आता ओळखीचे लोक मला विचारतात, वर्कशॉपला ड्रिल कुठलं घेऊ, इम्पॅक्ट कुठला घेऊ. मी कंपनी सांगत नाही. ज्याच्या हातात ते राहणार आहे त्याला दुकानात घेऊन जा, एवढंच सांगते. आणि तिथे आपण गप्प बसायचं. यातलं पहिलं मला आता जमतं.