रोलरअप्पांना कुणाला तरी मागे टाकायचं होतं

रोलरअप्पांचे पाय गेले, ही बातमी गल्लीत दुधाच्या आधी पोचली. पुरावा तसा भक्कम होता. आदल्या संध्याकाळी भंगारवाल्या मावशींच्या हातगाडीवरून चाकांची एक खुर्ची त्यांच्या दारात उतरली, ती निदान चार खिडक्यांनी पाहिली होती. दुपारपर्यंत पाय नुसते गेलेले राहिले नाहीत. एक कापावा लागला होता आणि दुसऱ्याबद्दल डॉक्टर तोंड उघडायला तयार नव्हते. शेवटी कोपऱ्यावरचा गादीवाला चेहरा लांब करून विचारपूस करायला गेला. दार उघडलं ते खुद्द अप्पांनी, आपल्या दोन्ही पायांवर उभं राहून. मागे खुर्ची उताणी पडली होती आणि तिची मोठी चाकं काढून भिंतीला टेकवलेली होती. आणलेली सहानुभूती फुकट जाऊ नये म्हणून गादीवाला चहा पिऊन आला आणि येताना खरी बातमी घेऊन आला. ती मात्र कुणालाच पटेना. अप्पा म्हणे शर्यतीची गाडी बनवत होते. विजेवर चालणारी, तीन चाकांची.

न पटायला कारण होतं. अप्पांनी सारी नोकरी रोडरोलरवर काढली होती. खडी पसरायची, वरून डांबर, आणि मग अप्पांनी पुढे जायचं, मागे यायचं, पुन्हा पुढे जायचं, पुन्हा मागे यायचं. सकाळी बायको भाजीला निघाली की अप्पा रस्त्याच्या या टोकाला दिसत. संध्याकाळी ती दळण घेऊन आली की त्या टोकाला. एवढाच त्यांचा दिवसाचा प्रवास. त्यांना मोटारी मागे टाकत, सायकली मागे टाकत, गुडघे दुखणाऱ्या आजीबाई काठी टेकत टेकत मागे टाकत आणि वर वळून बघत. अप्पांनी कधी मनाला लावून घेतलं नाही. मागून कुणी आलं की ते रोलर कडेला घेत आणि हात हलवून म्हणत, जा बाबा पुढे. हा हात त्यांच्या अंगात इतका मुरला होता की घरातल्या घरातही बायको मागून आली की ते भिंतीला चिकटून तिला वाट देत.

मनाला लागलं ते फक्त साडूंचं. बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान बस चालवायचे. रोज त्याच रस्त्यांवरून. रोलर दिसला की साडूंचा भोंगा ठरलेला, खिडकीतून बाहेर काढलेला हात ठरलेला, आणि पुढच्या कौटुंबिक जेवणात, अप्पा मला आज तीनदा भेटले आणि तिन्हीदा त्याच खांबापाशी, हा विनोदही ठरलेला. जेवणारे हसत. अप्पाही हसत. बायको तेवढी हसत नसे. ती साडूंच्या पानात वाढायचं विसरत असे.

दोघेही निवृत्त झाले तरी विनोद निवृत्त झाला नाही. मग एक दिवस भंगारवाल्या मावशींच्या फाटकावर अप्पांना एक कागद चिकटवलेला दिसला. तंत्रशाळेतल्या पोरांनी बंद गोदामांच्या पटांगणात शर्यत ठेवली होती. गाडी घरी बनवलेली हवी, विजेवरची हवी, तीन चाकांची हवी आणि सगळं सामान भंगारातलं हवं. वयाची अट घालायला पोरं विसरली होती. कुणी आजोबा येतील असं त्यांच्या ध्यानीमनीही नसावं.

"बघू तरी," अप्पा म्हणाले.

हे दोन शब्द ऐकले की त्यांची बायको पाने-पेचकस लपवून ठेवी. याच दोन शब्दांपायी घरातलं घड्याळ, मिक्सर आणि एकदा तर शेजाऱ्यांची घंटासुद्धा उघडली गेली होती. बरं, अप्पा हे दुरुस्तीसाठी उघडत नसत. आत काय चाललंय ते पाहायला उघडत. पण या वेळी त्यांना आत काय आहे त्यापेक्षा पुढे काय दिसतं त्याची उत्सुकता होती, आणि रात्री पाठ चोळून घेताना त्यांनी ती बायकोला सांगितली.

"रोलरच्या आरशात मी जन्मभर माणसं मोठी होताना पाहिली," ते म्हणाले. "लांबून ठिपका येतो, मोठा होतो, भोंगा वाजवतो आणि निघून जातो. आरशात माणूस लहान होत जाताना कसा दिसतो, ते एकदा बघायचंय. एकच माणूस पुरे."

दुसऱ्या दिवशी बायकोने मागची खोली रिकामी करून दिली.

मग भंगार येऊ लागलं. खुर्चीची चाकं उंच आणि देखणी निघाली, पण वळण घेताच ओल्या पुठ्ठ्यासारखी मुडपली. त्यांच्या जागी मोडक्या स्कूटरची दोन बुटकी चाकं आली, ती पुढे. मागे एक. मोटर मिळाली ती व्यायामशाळेतल्या पळायच्या पट्ट्याची. एवढी वर्षं ऊर फुटेस्तोवर पळून एक इंचही पुढे न सरकलेली ती मोटर अप्पांना आपल्या जातीची वाटली. त्यांनी ती पुसून पुसून चकचकीत केली. बॅटऱ्या कुठल्याशा कचेरीने टाकून दिलेल्या, आणि मोटरला वीज कमीजास्त सोडणारा डबा गोदामातल्या माल उचलायच्या गाडीचा, त्याच्या दांड्यासकट. दांडा पुढे ढकलला की गाडी पुढे, मागे ओढला की मागे. रोलरला होता अगदी तसाच. हात ठेवताच अप्पांचे डोळे मिटले, इतकं त्यांना घरी आल्यासारखं वाटलं.

सांगाडा कशाचा केला हे मात्र दोन दिवस घराबाहेर फुटलं नव्हतं. मग साडू मुक्कामाला आले आणि ते फुटलं.

"यंदा खाट दिसत नाही," साडू पिशवी ठेवत म्हणाले.

"तुमची गादी खाली घातलीय, भाऊजी," अप्पांची बायको म्हणाली.

"खाटेला काय झालं?"

"तिला चाकं लागली."

साडूंनी मागच्या खोलीत जाऊन पाहिलं. ज्या लोखंडी खाटेवर ते वर्षानुवर्षं पसरले होते, तिचे पाय ग्रिलवाल्याकडून कापून, पाठ वाकवून, वर पाय नसलेली प्लॅस्टिकची खुर्ची बसवलेली होती. उजव्या हाताला आरसा होता. साडूंनी गाडीभोवती फेरी मारली, चाकाला बोट लावून पाहिलं आणि विचारलं, हॉर्न कुठाय. अप्पांनी खरं ते सांगितलं. हॉर्न मागच्याने वाजवायचा असतो, एवढंच त्यांना ठाऊक होतं. आपण वाजवायची वेळ कधी आलीच नव्हती. साडू इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं.

पहिली चाचणी गल्लीतच झाली आणि गल्लीने ती फुकटात पाहिली. अप्पांनी दांडा पुढे ढकलला. गाडी निघाली, चांगली झोकात निघाली. शिंप्याच्या दुकानापाशी थांबायचं ठरलं होतं, म्हणून अप्पांनी वेळेवर दांडा मधे आणला. रोलरचा दांडा मधे आणला की रोलर जागच्या जागी गप्प उभा राहतो. जन्मभर त्यांनी तसंच थांबवलं होतं. त्यामुळे गाडीला ब्रेक बसवावेत हे त्यांच्या डोक्यात आलंच नव्हतं. मोटर बंद झाली, पण गाडीला ते कुणी सांगितलं नाही. शिंपी गेला, किराणावाला गेला, उतार लागला. अप्पा ताठ बसून होते, हात दांड्यावर, भुवया वर, जणू गाडी आत्ता थांबेल आणि आपला गैरसमज दूर करेल. ती थांबली ती गादीवाल्याच्या दारातल्या कापसाच्या ढिगात. बाहेर आलेले अप्पा नखशिखांत पांढरे होते, आणि लोक कुठे लागलं का विचारत असताना ते ज्याला त्याला एकच सांगत होते, "पण मी मधे आणला होता."

त्याच आठवड्यात दोन जुन्या सायकलींचे ब्रेक बसले. बायकोने स्वतः ओढून पाहिले आणि मगच जेवायला वाढलं.

शर्यतीच्या दिवशी साडू सगळ्यांच्या आधी जाऊन पहिल्या रांगेत बसले होते. पटांगणाला चकरा मारायच्या होत्या. शिटी वाजली, पोरांच्या गाड्या भुर्रकन गेल्या आणि अप्पा आपल्या चालीने निघाले. गाडी वाईट नव्हती. रोलरच्या मानाने तर ती विमान होती. पण थोड्याच वेळात मागून पहिली गाडी पुढची चक्कर घेऊन आली. आरशात ठिपका मोठा झाला, आणि अप्पांनी गाडी कडेला घेतली, हात हलवला, जा बाबा पुढे. दुसरी आली, तिलाही तसंच. तिसऱ्या पोराला तर त्यांनी थांबूनच वाट दिली.

"अहो, हात खाली घ्या," बायको कठड्यावरून ओरडली. "शर्यत आहे ती."

अप्पांनी हात खाली घेतला, पण समोर बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. सगळे कुठल्या कुठे गेले होते. चकरा संपत आल्या. साडू शेजारच्याला रोलरचा किस्सा सांगू लागले होते. आणि शेवटच्या चकरेत, गोदामाच्या कोपऱ्यापाशी, अप्पांना पुढे एक पाठ दिसली.

तंत्रशाळेतली एक मुलगी होती. तिची गाडी अप्पांच्या गाडीहून कितीतरी देखणी, पण आता तिचा आवाज बारीक झाला होता आणि चाकं जीवावर आल्यासारखी फिरत होती. पाठ मोठी होऊ लागली. अप्पा जवळ गेले, अगदी जवळ गेले, आणि तिच्या मागेमागे चालू लागले. पुढे काय करतात हे त्यांना खरोखरच माहीत नव्हतं. हजारोंनी त्यांच्यावर ते केलेलं होतं, पण त्यांनी ते नेहमी दुसऱ्या बाजूने पाहिलं होतं. भोंगा वाजवावा तर भोंगा नाही. शेवटी त्यांनी घसा खाकरला.

"बाळ, जरा पुढे जाऊ का?"

मुलीने मागे पाहिलं. गाडी कडेला घेतली आणि हात हलवला, जा आजोबा पुढे.

अप्पांनी दांडा जेवढा जात होता तेवढा ढकलला. तिच्या बरोबरीने आले, तिच्या पुढे गेले. मग रस्त्याकडे बघायचं सोडून त्यांनी सरळ आरशात पाहायला सुरुवात केली. तिथे एक चेहरा होता, मग एक मुलगी होती, मग गाडीसकट मुलगी, मग लालसर ठिपका. ठिपका दिसेनासा होईपर्यंत ते बघत राहिले, आणि त्या नादात शेवटची रेघ ओलांडून बरेच पुढे गेले, तेव्हा कुठे त्यांना ब्रेकची आठवण झाली.

शेवटून दुसरा नंबर आला. बायकोने पदराने त्यांचा घाम पुसला, आणि साडू खुर्चीवरून उठून सावकाश चालत आले. आजूबाजूला माणसं आहेत याची त्यांनी आधी खात्री करून घेतली.

"अप्पा, वाईट वाटून घेऊ नका," ते म्हणाले. "पण त्या पोरीची बॅटरी संपली होती. गाडी रांगत होती बिचारीची. चालत माणूस पुढे गेला असता. त्याला काही ओव्हरटेक म्हणत नाहीत."

अप्पा गाडीतून उतरले, हातमोजे काढले आणि नीट घडी करून खिशात ठेवले.

"साडूभाऊ," ते म्हणाले, "तुम्ही जन्मभर माझ्या रोलरला ओव्हरटेक केलंत. तो काय पळत होता?"