इनामदारांच्या तलवारीवरचा डाग

लालबी शिकलगारणीला डाग म्हणून खपत नसे. भांड्यावरचा नाही, भिंतीवरचा नाही, नवऱ्याच्या सदऱ्यावरचा तर मुळीच नाही. मिरजेहून लग्न होऊन कोल्हापुरात आली त्याच आठवड्यात तिनं शेजारणीची घागर न विचारता लखलखीत घासून दिली. शेजारीण पुढं महिनाभर बोलली नाही. लालबीला वाटलं, आनंदानं तोंडातून शब्द फुटत नसेल.

तिचा नवरा चमन तलवारींचा गंज काढायचा, त्यांना धार लावायचा. शाहू महाराजांच्या राज्यात लढाया उरल्या नव्हत्या. पण तलवारी घरोघर होत्या आणि खंडेनवमीला त्यांची पूजा व्हायची. पिराजीराव इनामदारांची तलवार चमनच्याच घराण्यानं साफ करायची आणि पूजेच्या वेळी पाटावर ठेवायची, ही जुनी रीत. या मानावर चमनचा भारी जीव.

इनामदारांची कागलकडची जमीन म्हणे याच तलवारीमुळं मिळालेली. मूळपुरुष आकाराम यांनी लढाईत शत्रूचा सरदार उभा कापला आणि तिथंच देह ठेवला. त्या सरदाराच्या रक्ताचा काळा डाग पात्यावर होता. पिराजीराव दर खंडेनवमीला पाहुण्यांना डाग दाखवून ही कथा सांगत. सरदार कुणाचा, हे दर वर्षी बदलायचं. त्याच्या घोड्याचा रंगही बदलायचा. स्वतः पिराजीराव घरात कोंबडं कापायचं असलं की आत जाऊन बसत, पण ते असो.

एका वर्षी नवमीच्या आदल्या दिवशी चमन तापानं फणफणला. तलवार घरी येऊन पडलेली. लालबी म्हणाली, माझे हात काय झडलेत? चिंच आणि विटेची भुकटी घेऊन ती बसली. डाग दिसला तशी तिला नवऱ्याचीच लाज वाटली. इतकी वर्षं हा माणूस मानाची तलवार अशी डागाळलेली परत देतो? दुपारभर घासून तिनं पातं आरशासारखं केलं आणि कौतुकानं चमनला नेऊन दाखवलं.

चमन अंथरुणात उठून बसला. "अगं, काय केलंस ह्ये? त्ये रगत हुतं!"

"रगत हुतं, मग तर धुवायलाच पायजे की!"

"माझ्या बापानं, आज्यानं तेवढी जागा सोडून तलवार घासली. गेला आता आपला मान. दुसरा शिकलगार आणतील त्ये."

चमन भिंतीकडं तोंड करून रडायला लागला, तेव्हा लालबीचं धाबं दणाणलं. सकाळी तलवार पदराखाली घेऊन ती इनामदारांच्या परसदारानं आत शिरली आणि पिराजीरावांच्या आईसमोर, बयाबाईंसमोर उभी राहिली.

"आईसाब, चूक माझी हाय. माझ्या मालकाला बोल लावू नका."

बयाबाईंनी पातं पाहिलं, स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं आणि फडताळातून हिरडा काढला. "रडू नगंस. माझ्या सासूच्या वक्ताला बी एकदा असंच झालतं."

हिरडा पाण्यात उगाळून त्या पात्यावर बोटानं लावू लागल्या. लोखंड बघता बघता काळं पडलं.

"म्हंजे, ह्ये रगत न्हवंच?"

"आकाराम लढाईला गेलता, परत आला न्हाय. सोबत्यानं तलवार तेवढी आणून दिली, म्यानातनं काढलीच न्हाय अशी चकचकीत. जमीन मिळाली ती मेल्याबद्दल, कुणाला मारल्याबद्दल न्हवं. पदरात तान्हं पोर. उद्या त्येला काय सांगायचं, बाप पळताना मेला? मग त्येच्या बायकूनं, धोंडुबाईनं, ह्यो डाग पाडला. तवापासनं ह्या घरच्या सासवा सुनांना सांगत आल्यात. बाप्यांना ठावं न्हाय."

पूजेला पाहुणे जमले. चमनऐवजी लालबी तलवार घेऊन पुढं झाली. पिराजीरावांनी ती हातात घेतली, घसा खाकरला आणि डागावर बोट फिरवलं. हिरडा पुरता वाळला नव्हता. बोट काळं झालं.

त्यांनी बोटाकडं पाहिलं. लालबीकडं पाहिलं, तर तिचं तोंड राखेसारखं. दाराआड उभ्या असलेल्या आईकडं पाहिलं, तर तिचीही बोटं काळी. लालबीनं मनोमन मानावर पाणी सोडलं.

पिराजीरावांनी बोट उपरण्याच्या आतल्या बाजूला पुसलं आणि तलवार लालबीला परत दिली. "ठेव पाटावर. तुमचा मान हाय."

मग ते दाराशी गेले. हळूच म्हणाले, "आईसाब, पयल्यांदा कुणी पाडला?"

"धोंडुबाईनं. आकारामच्या बायकूनं. पोरासाठनं."

पिराजीराव जागेवर येऊन बसले. पाहुणे कथेसाठी चुळबुळ करू लागले. शेवटी त्यांनी सुरुवात केली, पण कथेत सरदार काही आला नाही. "आमच्या घराण्यात एक धोंडुबाई होऊन गेल्या," एवढंच म्हणाले आणि पाटावरच्या तलवारीला त्यांनी हात जोडले.