वहिनीच्या टाचा

वहिनीला वहिनी म्हणण्याचा खरा हक्क एकीचाच, तिच्या नणंदेचा. पण ही नणंद अंथरुणातून ऊठसूट "वहिनीऽऽ" अशी हाळी द्यायची, की भिंतीपलीकडच्यांच्याही तोंडी तेच नाव बसलं. दूधवाला वहिनी म्हणे, चर्चचे फादर वहिनी म्हणत. खुद्द नवऱ्यानंही मरण्याआधी एकदा चुकून वहिनी म्हटलं होतं, असं बिल्डिंगमध्ये अजून सांगतात.

नवरा गेला आणि कमरेखाली लुळी पडलेली बहीण हिच्या गळ्यात टाकून गेला. वहिनी दिवसभर दवाखान्याच्या लाँड्रीत चादरी धुवायची आणि घरी नणंदेला. पाय कोमट पाण्यात सोडायचे, बोटांच्या बेचक्या पुसायच्या, तेल चोळायचं. त्याचं बक्षीस ठरलेलं: "पाणी गार आहे", नाहीतर "पाणी चटकतंय". यांच्या मधलं पाणी वहिनीला उभ्या आयुष्यात सापडलं नाही.

तिचे स्वतःचे पाय मात्र लाँड्रीतल्या साबणाच्या पाण्यात उभं राहून कामातून गेलेले. बोटांत चिखल्या, आणि टाचांना अशा भेगा, की आगपेटीची काडी उभी राहावी.

प्रभूनं क्रूसावर जाण्याआधी शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून दरवर्षी गुड फ्रायडेच्या आदल्या गुरुवारी फादर बारा जणांचे पाय धूत. गंमत अशी, की हे बारा जण घरूनच पाय घासूनपुसून, पावडर लावून येत. मळके पाय घेऊन त्या खुर्चीत बसायची कुणाची छाती नव्हती. फादर धुतलेलेच पाय पुन्हा धूत आणि वहिनी बादली घेऊन मागे मागे फिरे.

यंदा बारांतले पेन्शनर मास्तर आजारी पडले. फादर म्हणाले, "वहिनी, यंदा बादली दुसरं कुणीतरी धरेल. तुम्ही खुर्चीत बसा."

झालं! वहिनीनं वजरीनं टाचा घासघासून लाल केल्या, भेगांत मेण भरलं, मोजे चढवून कामावर जायला लागली. लाँड्रीतल्या बायका म्हणाल्या, "काय गं, दुसरं लग्न ठरलं की काय?" वहिनी लाजली. तिच्या पायाला दुसऱ्या कुणाच्या हाताचा स्पर्श एकदाच झाला होता. नवऱ्यानं रुतलेली काच काढली होती, तीही शिव्या घालत. आता एक माणूस गुडघे टेकून, शिव्या न घालता, तिचा पाय हातात घेणार होता. तिला एवढंच हवं होतं.

मेणाचा वास नणंदेच्या नाकाला लागायला कितीसा वेळ!

"मला ने," ती म्हणाली. "माझे पाय मेलेत, तुझे धडधाकट आहेत. तुला कशाला हवंय धुवून?"

"वन्सं, फादरांनी मला बोलावलंय."

"म्हणजे तुझी नम्रता बादलीपुरतीच होय?"

हा टोला वर्मी बसला. वहिनी फादरांकडे गेली. मनात एक आशा होती, फादर तेरावी खुर्ची मांडतील. फादरांचे डोळे भरून आले. म्हणाले, "वहिनी, स्वतःला मागे सारणं म्हणजेच खरं प्रेम. त्यांनाच आणा." तेरावी खुर्ची? छे! प्रभूनं बाराच निवडले होते. त्या बारांतला एक दगाबाज होता, पण हिशेब कसा बारांचा!

गुरुवारी वहिनीनं नणंदेला चाकाच्या खुर्चीतून नेलं आणि स्वतः बादली-टॉवेल घेऊन बाजूला उभी राहिली. फादर गुडघ्यांवर बसले. पुढच्या बाकावरच्या बायका कुजबुजल्या, "अगंबाई, किती मऊ पाय! आजारी बाईचे वाटतात तरी का?"

नणंदेला हुंदका आला. फादरांच्या गळ्यात माइक होता आणि तो चालू होता. सगळ्या चर्चनं ऐकलं, "फादर, इतक्या प्रेमानं माझे पाय आजवर कुणी धुतले नव्हते हो!"

सगळीकडे रुमाल निघाले. वहिनीनं टॉवेल पुढे केला.

संध्याकाळी शेजारीण तणतणत आली. "तिथल्या तिथे तोंडावर का नाही बोललात? मी असते तर ती बादली डोक्यावर पालथी घातली असती!"

वहिनी मोजे पिळत होती. "काय बोलणार? खरंच होतं ते. धुतले मी रोज. पण प्रेमानं कधी धुतले? दात आवळून धुतले. ही कधी मरते, असंही मनात यायचं. तिला कळत नसेल होय?"

शेजारीण चहा न घेताच उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीनं मनाशी ठरवून पाणी तापवलं. गुडघे टेकले. नणंदेचा पाय दोन्ही हातांत घेतला आणि फादरांनी केलं तसं ओंजळीनं हळूहळू पाणी सोडायला लागली. मनातल्या मनात प्रार्थनाही म्हणत होती.

"हे काय गोंजारणं चाललंय?" नणंद खेकसली. "फादरांची नक्कल करतेस? नीट घास की!"

वहिनीनं दात आवळले आणि खसाखसा घासायला घेतलं.

"हां, आता कसं!" म्हणत नणंदेनं समाधानानं डोळे मिटले.